यंदा बर्फ किती? या प्रश्नामागची दीडशे वर्षं

पुण्यात शिवाजीनगरच्या बाजूला रोज ये-जा करणाऱ्याला 'शिमला ऑफिस' हा थांबा पाठ असतो. पुण्याचा शिमल्याशी संबंध काय, हे मात्र कुणी विचारत नाही. संबंध हवामान खात्याचा आहे. १८७५ साली सुरू झालेल्या या खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये शिमल्याला गेलं, तिथून १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला हललं. नाव तेवढं इथं राहिलं.

हिमालयात यंदा बर्फ किती पडेल, या प्रश्नाची मुळं याच खात्याच्या दप्तरात आहेत. गंमत अशी की तिथं सुरुवात उलट्या टोकाने झाली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम हिमालयातल्या बर्फाकडे पाहिलं. हिवाळ्यात आणि वसंतात तिथं बर्फ जास्त पडला, तर पुढचा मान्सून कमजोर, असं त्यांचं निरीक्षण. त्यावर १८८२ पासून प्रायोगिक आणि १८८६ पासून रीतसर अंदाज निघू लागले. म्हणजे बर्फ हा तेव्हा साक्षीदार होता. तो स्वतः कधी येईल, हे कुणी विचारत नव्हतं.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या दाब, तापमान, पावसाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचा सपाटा लावला. शंभर जोड्या तपासल्या की एखादी योगायोगानेही छान जुळते, हा इशाराही त्यांनीच दिला. 'त्या वर्षीही असंच झालं होतं' म्हणणाऱ्यांनी तो आजही भिंतीवर लावावा. या खटाटोपातून हाती आलं ते दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंद महासागरांवरच्या हवेच्या दाबाचं वर-खाली झुलणं, आणि उत्तर अटलांटिक आंदोलन, म्हणजे तसंच झुलणं उत्तर अटलांटिकवर. मान्सूनसाठी टाकलेल्या जाळ्यात हिवाळ्याची मासळी सापडली म्हणा ना. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी दक्षिणी आंदोलन एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्ती पट्ट्यातलं पाणी अधूनमधून तापण्याशी, जोडलं.

काश्मीर-हिमाचलचा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. ते पुढे सरकले की मागून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यांनी आपल्या निफाडचा पाराही घसरतो. एल निनोच्या हिवाळ्यात वायव्य भारतात साधारणपणे ओलावा जास्त, असं जुन्या नोंदी सांगतात. २०२३-२४ ला एल निनो जोरात होता. तरी जानेवारीच्या मध्यावर गुलमर्गचे उतार तपकिरी, उघडे पडलेले, आणि स्की भाड्याने देणारे हात बांधून बसलेले. बर्फ आला तो महिना संपता संपता. पुढच्या हिवाळ्यात एल निनो नव्हता. बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

यात एल निनोवरून बांधलेला अंदाज साफ खोटा ठरला असं मला वाटत नाही. १९५० नंतरचे जोरदार एल निनो बोटांवर मोजण्याइतके. एवढ्याशा भांडवलावर यंदाचा हिवाळा सांगायचा म्हणजे दोन स्थळं पाहून लग्न ठरवण्यासारखं. शिवाय ढग आले, तरी थंडी एक-दोन अंशांनी कमी पडली की बर्फाऐवजी पाऊस होतो. आणि सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. जानेवारीच्या तोंडावर खातं वायव्य भारतासाठी अंदाज देतं, तो जानेवारी ते मार्चच्या एकूण बेरजेचा. काश्मिरी माणूस मात्र चिल्लई कलां मोजतो: २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस. त्या दिवसांतला बर्फ कोरडा, टिकाऊ. उन्हाळ्यात झरे आणि सफरचंदाच्या बागा त्यावर चालतात. फेब्रुवारी-मार्चचा ओला बर्फ लवकर वाहून जातो. खात्याच्या मिलिमीटरच्या आकड्यात दोन्ही बर्फ वितळवून, पाणी म्हणूनच धरले जातात.