अक्षता पडताना चित्र का अडकतं?

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला सगळे टीव्हीसमोर जमलो होतो. फाइल ४के, सेकंदाला ५० फ्रेम. टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा आय-सेव्हन. त्या काळातला तगडा गडी. मंगलाष्टकं कशीबशी पार पडली. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि चित्र थिजलं. आवाज पुढे निघून गेला, वाजंत्री वाजली, पडद्यावर मात्र अंतरपाट अजून अर्धाच खाली. कॅबिनेटमधला पंखा मिक्सरसारखा घोंगावत होता.

"मामा, आता सरळ आय-नाइन घे आणि मोठं ग्राफिक्स कार्ड टाक," भाचा म्हणाला. टीव्हीसाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटर जुळवणाऱ्या बहुतेकांची हीच समजूत असते, आणि ती चुकीची आहे. तीच फाइल आता इंटेलच्या एन१०० या ६ वॅटच्या प्रोसेसरवर सुरळीत चालते. हे कसं होतं ते कळलं की सुट्या भागांची निम्मी निवड तिथेच होते.

४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. १० बिटांच्या व्हिडिओत दर ठिपक्यामागे सरासरी १५ बिट लागतात (डोळ्याला उजेडातले फरक जितके बारीक कळतात तितके रंगातले कळत नाहीत, म्हणून रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात). ५० फ्रेमने गुणलं की सेकंदाला ६२२ कोटी बिट. आमच्या फाइलमध्ये सेकंदाला होते जेमतेम ६ कोटी. म्हणजे शंभरातला एकच बिट लिहिलेला!

ही काटकसर दोन पायऱ्यांत होते. मांडवातला झेंडूच्या माळांचा पडदा एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये हलत नाही. त्याच्यासाठी 'मागचंच ठेवा' एवढी नोंद पुरते. करवली उजवीकडे सरकली तर 'मागच्या फ्रेममधला हा चौकोन उचला, बारा ठिपके उजवीकडे ठेवा'. आमची फाइल २०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसी या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीतली; तिच्यात हे चौकोन ६४ बाय ६४ ठिपक्यांपर्यंत मोठे असतात, गरजेप्रमाणे लहान होत जातात. या अंदाजात आणि खऱ्या चित्रात जो फरक उरतो, तेवढाच वेगळा लिहायचा.

तो लिहिण्याची रीत मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. बंगळुरात जन्मलेल्या नसीर अहमद यांनी ती अमेरिकेत १९७२ मध्ये सुचवली आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये प्रसिद्ध केली: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ८ बाय ८ चा तुकडा घ्या. त्यात ६४ संख्या आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या ६४ संख्या लिहायच्या: पहिली तुकड्याची सरासरी सांगते, पुढच्या काही रुंद, संथ लाटांचं प्रमाण, नंतरच्या अधिकाधिक बारीक लाटांचं. शेजारशेजारचे ठिपके बहुधा सारखेच असल्याने जवळपास सगळं वजन पहिल्या काही संख्यांत गोळा होतं. बाकीच्या एका ठरावीक पायरीने भागून पूर्णांकात आणल्या की शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा जवळजवळ लागतच नाही. जेपीईजी फोटोही असाच बनतो. एचईव्हीसी याचंच पूर्णांकांतलं रूप ४ ते ३२ ठिपक्यांच्या चौकोनांवर वापरतं.

आता अक्षता. हवेतला एकेक दाणा आपापल्या वाटेने जातो, मागच्या फ्रेममधला कुठलाच चौकोन त्याला नीट बसत नाही. अंदाज फसतो, चौकोनांचे बारीक तुकडे पडतात, फरक मोठा होतो, शून्यं घटतात. आणि हा गुंता दर २० मिलिसेकंदांना एक फ्रेम या गतीने उलगडायचा असतो. आय-सेव्हन इथेच दमला.

हात कितीही तरबेज असला तरी चकल्या हाताने वळून शंभर पानांची पंगत उठत नाही. तिथे सोऱ्याच हवा. एन१००मध्ये असा सोऱ्या सिलिकॉनमध्येच कोरलेला आहे: हार्डवेअर डीकोडर, म्हणजे आवळलेला व्हिडिओ उलगडणारा भाग. तो दुसरं काही करत नाही, म्हणून इतक्या कमी विजेत हे काम करतो. फक्त त्याची चकती नंतर बदलता येत नाही. ज्या पद्धतीची चकती कारखान्यात बसवली, तेवढीच. २०१३च्या चिपमध्ये एचईव्हीसीची चकतीच नव्हती.

म्हणून प्रोसेसर घेताना गाभे (कोर) आणि गिगाहर्ट्झ नंतर. आधी चकत्या मोजा. इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून, २०१८ साली आलेली एव्ही१ पद्धत अकराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सपासून. एएमडीचा रायझन ५६००जी एचईव्हीसी उलगडतो, एव्ही१ नाही. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, म्हणजे सोऱ्याही नाही. या कामासाठी तो घेऊ नका.

बाकीचं सोपं. ८ जीबी रॅम पुरते, सिस्टिमसाठी लहान एसएसडी. पंखा मोठा आणि संथ घ्या. त्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मदरबोर्डवर एचडीएमआय २.० हवंच, १.४ असेल तर ४के सेकंदाला ३० फ्रेमवरच अडतं.

आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या हजारोंच्या केबलने 'रंग खुलतात' ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. केबलमधून शून्य आणि एक जातात. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं, नाही पोचले तर ठिणग्या दिसतात किंवा पडदा काळा होतो. फिकट लाल गडद होण्याची सोयच त्यात नाही. सोनं गंजत नाही, इतकाच त्याचा गुण. प्रीमियम हाय स्पीड प्रमाणपत्राची साधी केबल घ्या.

परवा तो प्रसंग पुन्हा लावला. अंतरपाट सरसर खाली आला, प्रोसेसर जवळपास रिकामा होता. एका क्षणी चित्र थांबवून जवळ गेलो. नवरीच्या मुंडावळ्यांशेजारी उडालेले तांदूळ दाण्यांसारखे दिसत नव्हते, पुसट चौकोनी डाग होते. तिथल्या बारीक लाटा फाइल बनवतानाच शून्य झाल्या होत्या; त्या आता कुठल्याही प्रोसेसरमधून परत येणार नाहीत. भाचीच्या चेहऱ्यावर मात्र एक न एक केस स्पष्ट होता. त्या क्षणी ती हलली नव्हती.