घळीतील लार्ज फॉरमॅट छायाचित्रण

४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर, भात्याच्या कॅमेऱ्याने केलेल्या छायाचित्रणाला लार्ज फॉरमॅट म्हणतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, कोलोराडो पठारावरच्या कोरड्या घळींत या पद्धतीने जे काम होते, तेवढ्यापुरती ही नोंद आहे. घळ म्हटल्यावर सातारकरांना चाफळजवळची रामघळ आठवेल, पण ती कातळाच्या पोटातली पोकळी. ही घळ म्हणजे पुराच्या लोंढ्याने वालुकाश्मात कापलेली उभी चीर. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि वर आकाशाची चिंधी तेवढी दिसते.

कॅमेऱ्याची रचना शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. काचेवर चित्र उलटे पडते, डावे-उजवेही बदललेले. काळे कापड डोक्यावर ओढून ते भिंगाने तपासायचे, मग काचेपुढे फिल्मचा होल्डर सरकवायचा. जुन्या स्टुडिओत फोटो काढून घेतलेल्यांना हे कापड चांगले आठवत असेल. एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या सुमारे १५ पट क्षेत्र ४ × ५ च्या शीटला मिळते आणि ८ × १० ला त्याच्या चौपट. एवढा व्याप त्यासाठीच.

या कॅमेऱ्याची लेन्स कलवता येते. लेन्स, फिल्म आणि विषय यांची प्रतले एकाच रेषेत मिळाली की विषयाचे प्रतल सबंध स्पष्ट येते. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या १९०४ च्या पेटंटमुळे हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटवर पायाजवळच्या जांभ्यापासून सावित्रीच्या खोऱ्यापलीकडच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट हवे असेल, तर ही युक्ती बरीच साथ देते. घळीत ती अर्धीच चालते. एका भिंतीला लेन्स जुळवली की समोरची भिंत हातची जाते, कारण प्रतल एक आणि भिंती दोन. मग छिद्र एफ/३२, एफ/४५ इतके बारीक करावे लागते आणि वेळ वाढत जातो.

प्रकाश आधीच थोडा, त्यातही उसना. वरच्या कड्याला लागलेले ऊन भिंतीवरून भिंतीवर आपटत खाली येते आणि लोहयुक्त तांबड्या वालुकाश्माचा रंग घेऊन येते. उन्हाची तिरीप थेट चौकटीत आली तर रंगीत पारदर्शिकेवर (स्लाइड फिल्मवर) तेवढा भाग पांढराफटक होतो. म्हणून जाणते लोक तिरीप चौकटीबाहेर राहील अशी वेळ धरतात. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट असा प्रकाश परत देत नाही, बराचसा गिळून टाकतो. तिकडचा उजाळा इथल्या कातळात शोधू नये.

खरी मेख हिशेबात आहे. मंद प्रकाशात फिल्म आळसावते: वेळ दुप्पट दिला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मच्या जुन्या तक्त्यात प्रकाश मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले तर ५० द्यावेत आणि १०० सांगितले तर १२००, म्हणजे वीस मिनिटे, असे दिले आहे. फुजीच्या वेल्व्हिया ५० या रंगीत स्लाइड फिल्मला १६ सेकंदांचे साधारण २५ करावे लागतात, शिवाय रंग सावरायला मजेंटा (किरमिजी) फिल्टर लागतो. जवळच्या भिंतीसाठी भाता ओढला की वेळेत आणखी भर पडते. १५० मिमीची लेन्स फिल्मपासून २१० मिमीवर गेली की प्रकाश निम्मा होतो. त्यात वाळूचा कण होल्डरमध्ये शिरला, तर निगेटिव्हवर पारदर्शक आणि छपाईत काळा ठिपका उमटतो. सरावाला महाबळेश्वरच्या धुक्यापेक्षा जत-आटपाडीकडचा कोरडा ओढा बरा. तिथे ऊनही तसेच कडक आणि धूळही भरपूर.

धोका उन्हापेक्षा पाण्याचा मोठा. सांगलीत ऊन पडलेले असते आणि कोयना-महाबळेश्वरकडच्या पावसाने आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत असते. घळीतही असेच घडते, फक्त सावरायला मिनिटेच मिळतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा आला आणि ११ पर्यटक मरण पावले. रोवलेला ट्रायपॉड सोडून पळायची मनाची तयारी आधीच करावी लागते.

या कामाची सुरुवात सरकारी मोजणी पथकांनी केली. अशाच एका पथकातले छायाचित्रकार टिमोथी ओसलिव्हन यांनी १८७३ मध्ये ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे येथे ओल्या काचपट्टीवर चित्रे घेतली. पट्टी ओली असेपर्यंतच टिपायची आणि तिथेच तंबूत धुवायची, तीही वाळवंटी हवेत. पुढे एलियट पोर्टर यांनी १९६० पासून ४ × ५ च्या रंगीत फिल्मवर कोलोराडो नदीचे ग्लेन कॅन्यन टिपले. मार्च १९६३ मध्ये तिथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि घळींत पाणी चढू लागले. इकडे पाटण-जावळीच्या पट्ट्यात त्याच सुमारास कोयनेचा शिवसागर भरत होता आणि गावे उठत होती. २००० नंतरच्या दुष्काळांत ग्लेन कॅन्यनचे पाणी उतरले, बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या. भिंतींवर आता क्षारांचा पांढरा पट्टा आहे.