फुटबॉल ‘रक्तात’ असावा लागतो?

मुलाला फुटबॉल कोचिंगला घालायचं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, “घरात कुणी खेळलंय का? रक्तात असावं लागतं!” पुरावा म्हणून नॉर्वेचा स्टार स्ट्रायकर (गोल करणारा खेळाडू) एर्लिंग हालांडचं नाव ठरलेलं: वडील इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळले, आई हेप्टॅथलॉनची (धावणं, उड्या, फेकी अशा सात प्रकारांच्या स्पर्धेची) खेळाडू.

उंची, वेग काही अंशी वारशाने येतात, खरंय. पण पास नेमका कधी द्यायचा, हे जन्मतः कुणालाच कळत नाही. हालांड वाढला त्या नॉर्वेतल्या ब्रुनेमध्ये बंदिस्त मैदान होतं, त्यामुळे हिवाळ्यातही खेळ थांबत नसे. फ्रान्सचा स्टार खेळाडू एम्बापे वाढला पॅरिसजवळच्या बाँडीत, आणि तिथल्याच क्लबात त्याचे वडील प्रशिक्षक होते. हे रक्तापेक्षा घराच्या पत्त्याचं भाग्य!

मेस्सीचे वडील पोलाद कारखान्यात कामाला होते. पण त्याला दोन थोरले भाऊ आणि चेंडूवेडे मावसभाऊ होते. वयाने, अंगाने मोठ्या पोरांकडून चेंडू वाचवायचा तर तो पायाला चिकटूनच ठेवावा लागतो. (धाकट्यांना विचारा!) रोनाल्डोचे वडील तर माळीकाम करायचे.

आणि पेले? त्याचा मुलगा एडिन्हो ब्राझीलमधल्या सांतोस क्लबचा गोलकीपर झाला, पण ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून एकही सामना खेळला नाही. ही उदाहरणं मात्र कुणी देत नाही.