मानेच्या पट्ट्यापासून व्यायामापर्यंत : वयामुळे होणाऱ्या मानदुखीची पार्श्वभूमी

हनुवटीखाली पट्टा बांधून मान ताणायची पद्धत युरोपात 17व्या शतकापासून आहे, आपल्याकडे शेक, तेल न् हाडवैद्य चालूच होते. भारतात फिजिओथेरपी शिकवायला सुरुवात झाली ती 1952च्या मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर, 1953 मध्ये, म्हणजे मुलांच्या पायांसाठी. म्हाताऱ्या माणसांच्या मानेचा नंबर बराच उशिरा लागला.

नाशकात आधी मान धरली की हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, एक्सरे काढायचा आणि "मणक्यात गॅप आलाय" हे ऐकून गळ्याभोवतीचा पट्टा (कॉलर) घेऊन यायचं, असंच होतं. आता साठीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्सरेत दिसते, मान अजिबात दुखत नसली तरी दिसते, पण फिल्म बघून लोक घाबरायचे आणि एकदा लावलेला पट्टा महिनोन् महिने काढायचेच नाहीत.

वाद आहे तो या पट्ट्यावरच. हिशोब सरळ होता, मान हलली नाही की नस चिडणार नाही. पण मान धरून ठेवायचं काम पट्ट्यानं केलं की स्नायू ढिले पडतात, मान आणखी आखडते, माणूस वळून बघायलाही भितो. 2009 मध्ये नेदरलँड्समध्ये मानेतून हातात कळ जाणाऱ्या, दुखणं नुकतंच सुरू झालेल्या 205 पेशंटवर अभ्यास झाला, काहींना थोडे आठवडे पट्टा न् विश्रांती, काहींना फिजिओथेरपी, काहींना दोन्ही नाही. सहा आठवड्यांनी पट्टेवाल्यांचं आणि फिजिओथेरपीवाल्यांचंही दुखणं तिसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं होतं, सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखेच. म्हणून पट्टा वाईटच असं म्हणता येत नाही, पण तो मोजक्या आठवड्यांसाठी होता हे आपल्याकडे कुणी नीट सांगितलंच नाही आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

1998 मध्ये आरोग्य विद्यापीठ नाशकातच आलं, पुढे गंगापूर रोड, नाशिकरोडला क्लिनिकं वाढली, मशीनचा शेक आणि ट्रॅक्शन (मशीननं मान ताणणं) सगळीकडे मिळायला लागलं. मशीननं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण हनुवटी मागे घेणं, हाताचा दाब देऊन मान जागेवर रोखणं, खांद्यामागचे स्नायू बळकट करणं हे रोज घरी करावं लागतं. निफाड-दिंडोरीकडच्या बायाबापड्यांना तर हे सगळ्यात आधी शिकवायला हवं होतं, द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून छाटणी, विरळणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं.

2020च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर व्यायाम सुरू झाले, घरी येणारे फिजिओही आता सहज मिळतात. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर पट्टा अजूनही लागतो. आणि हातातली पकड सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला तर मानेचे व्यायाम थांबवून आधी डॉक्टरलाच दाखवायचं.