लैंगिक कल आणि आनुवंशिकता

एखाद्या व्यक्तीला भिन्नलिंगी, समलिंगी किंवा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींविषयी वाटणारे आकर्षण म्हणजे तिचा लैंगिक कल. तो घडण्यात जनुकांचा वाटा असतो, पण तो ठरवणारे एकच एक जनुक नाही. वर्तमानपत्रांनी रूढ केलेला ‘गे जीन’ हा शब्द म्हणूनच फसवा आहे.

पहिला भक्कम पुरावा जुळ्यांकडून आला. मायकेल बेली आणि रिचर्ड पिलार्ड यांच्या १९९१ च्या अभ्यासात, समलिंगी पुरुषाचा एकबीज (एकाच फलित बीजापासून झालेला) जुळा भाऊही समलिंगी असण्याचे प्रमाण ५२ टक्के भरले. द्विबीज जुळ्यांत ते २२, तर दत्तक भावांत ११ टक्के होते. मात्र ही माणसे समलिंगींच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन जमवलेली होती आणि ज्यांचा जुळा भाऊही समलिंगी, तेच हौसेने पुढे येण्याचा संभव अधिक. ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या नोंदणीतून माणसे निवडली तेव्हा (२०००) एकबीज जुळ्यांतील प्रमाण पुरुषांत २० आणि स्त्रियांत २४ टक्क्यांवर उतरले. जनुके जवळजवळ तीच असूनही कल निराळा, अशा जोड्याच जास्त निघाल्या.

१९९३ मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ डीन हेमर यांनी पुरुषांच्या समलिंगी कलाशी संबंध असावा म्हणून क्ष गुणसूत्राच्या टोकाकडील ‘एक्सक्यू२८’ या भागाकडे बोट दाखवले. आई आपल्या दोन क्ष गुणसूत्रांपैकी कोणत्याही एकावरचा हा भाग मुलाला देऊ शकते. म्हणून दोन भावांकडे तोच भाग येण्याची शक्यता निम्मी. समलिंगी भावांच्या ४० जोड्यांत हा भाग २० जोड्यांत सारखा असणे अपेक्षित होते, तो ३३ जोड्यांत आढळला. १९९९ मध्ये कॅनडातील ५२ जोड्यांत मात्र हा संबंध दिसला नाही.

२०१९ च्या पाहणीत पावणेपाच लाखांहून अधिक लोकांचे जनुकसंच तपासले गेले. त्यात समलिंगी संबंधांशी निगडित पाच जागा सापडल्या, पण पाचही मिळून लोकालोकांतील फरकाचा एक टक्काही उलगडत नव्हता. सर्व सामान्य जनुकीय भेद एकत्र धरले, तर हा आकडा ८ ते २५ टक्के. यावरून कोणा एकाचा कल वर्तवता येत नाही. शिवाय प्रश्न होता ‘समलिंगी संबंध कधी आला का’, एवढाच. एकदाच आलेला अनुभव आणि आयुष्यभराचे आकर्षण त्यात एकाच रकान्यात पडले.

उरलेला वाटा संगोपनाचा, असा अर्थ घाईने काढला जातो. आनुवंशिकीत मात्र जनुकांपलीकडचे सारेच ‘परिस्थिती’त मोडते, अगदी गर्भाशयसुद्धा. एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेला प्रत्येक मुलगा धाकट्या भावाच्या समलिंगी असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढवतो. ती मुळात कमीच असल्याने, थोरले भाऊ असलेले बहुतेक पुरुषही भिन्नलिंगीच असतात. अँथनी बोगार्ट यांना २००६ मध्ये असे आढळले, की वेगळ्या घरात वाढलेला सख्खा थोरला भाऊ या हिशेबात धरला जातो. एकाच घरात वाढलेला सावत्र किंवा दत्तक भाऊ धरला जात नाही. म्हणजे कारण संगोपनात नसून गर्भाशयात असावे.