पार्श्वभूमी : समुपदेशकाचा थकवा आणि स्वतःवरची माया

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरलं. अशा वेळी इथल्या समुपदेशकाची अडचण दुहेरी असते. समोरचा माणूस भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेबद्दल, भिजून फुगलेल्या दप्तराबद्दल, दावणीला राहिलेल्या म्हशीबद्दल बोलत असतो. आणि ऐकणाऱ्याचं गाव तेच, नदी तीच, पुढच्या पावसाळ्याची धास्तीही तीच. एरवीही जिल्ह्याच्या गावात सुटका नसते. दुपारी खोलीत रडलेला पेशंट संध्याकाळी विश्रामबागेत भाजी घेताना समोर येतो.

तरी ‘मी दमलोय’ म्हणायला ही मंडळी कचरतात. हा संकोच जुना आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९३७ सालीच लिहिलं होतं की मनोविश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी स्वतःचं पुन्हा विश्लेषण करून घ्यावं, आणि त्याची लाज बाळगू नये. लाजेचा उल्लेख त्याला तेव्हाही करावा लागला, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. एकाने केस सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची, आणि त्या पेशंटमुळे डॉक्टरच्या मनात काय उठलं यावर बोलायचं. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामामुळे आतून विझत जाण्यावर, लेख लिहिला. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी ते मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथल्या सहकाऱ्यांचं विझत जाणं त्यांनी जवळून पाहिलं होतं, स्वतःही भोगलं होतं. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी बर्नआउट मोजायची प्रश्नावली दिली. तिच्यात थकव्याबरोबर आणखी एक गोष्ट मोजतात : समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा. मनापासून काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त खातं ते हेच. आज त्या पेशंट बाईंचं ऐकताना आपल्याला काहीच वाटलं नाही, या विचाराने रात्रीची झोप उडते.

२००३ मध्ये क्रिस्टिन नेफ यांनी स्वतःवरच्या करुणेची मांडणी केली : स्वतःशी मायेने वागणं, असं सगळ्यांचंच होतं हे ओळखणं, आणि दुखणं आहे तेवढंच पाहणं. मराठीत याच्या जवळचा विचार त्याआधीच रुजला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी इथे आणली, शिकवली. तिच्यात स्वतःचा बिनशर्त स्वीकार पायाशी आहे. सेशन जमलं नाही, एवढंच खरं. म्हणून मी नालायक, हे खोटं. पेशंटला आपण रोज हेच समजावतो. स्वतःला ते सांगायचा हक्क आपल्यालाही पुरेपूर आहे.

पण सगळा भार एकट्याच्या मनावर टाकणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणाशी जोडला. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही; तिथे रांग संपत नाही यात त्या खुर्चीवरच्या माणसाचा काय दोष? सांगली-मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी डॉक्टर आहेत, शाळा-कॉलेजांतले समुपदेशक आहेत. बॅलिंट पद्धतीने महिन्यातून एकदा बसायला दीड तास, बंद दाराची खोली आणि पेशंटचं नावगाव न सांगण्याची शिस्त एवढं पुरतं.