कूलंट हीटर बसवला तरी डिझेल गोठतंच

थंडीत नाशिकहून लडाखला जीप काढणाऱ्यांत एक समज पक्का आहे: डिझेलवर चालणारा कूलंट हीटर बसवला की इंधन गोठत नाही. साफ चूक. तो कूलंटमार्फत, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या द्रवामार्फत, इंजिनचा ब्लॉक तापवतो. टाकी आणि फिल्टर गारच राहतात. वर त्याचं स्वतःचं डिझेलही बहुधा त्याच टाकीतलं, म्हणजे थंडीनं डिझेलमधलं मेण साकळलं की हीटरही उपाशी!

लेहला पोचताना टाकीत नाशिकचं डिझेल कमीत कमी असू द्या. तिथं २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं विंटर ग्रेड मिळतं. ते भरून थोडी गाडी फिरवा, म्हणजे फिल्टरमधलंही बदलेल.

हीटर कूलंटच्या पातळीखालीच बसवा, लाइनमधली हवा पूर्ण काढा. हवा राहिली की तो जास्त तापून बंद पडतो आणि दोष बॅटरीवर टाकून ती बिचारी उगाच बदलली जाते.